उरलेली चिठ्ठी

बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंतच्या सगळ्या मुलखात माणसाच्या तोंडून खरं उत्तर काढू शकणारी एकच बाई आहे, आणि ती माझी नणंद आहे. हे मी कौतुक म्हणून सांगते आहे की तक्रार म्हणून, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं मला ठरवता आलेलं नाही. आमच्या वऱ्हाडात खरं उत्तर मिळवणं किती अवघड असतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमची माणसं फटकळ अशी पुण्याकडे ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण तो फटकळपणा दुसऱ्याच्या बाबतीतला. स्वतःबद्दल विचारलं की तोच माणूस एकदम मऊ होतो. तब्येत कशी? "बरं हाये." औषध घेतलं? "हाव जी." गुण आला? "हाव जी." एवढ्या उन्हात कोणी आपल्या दारी येऊन आपुलकीने विचारतं आहे, त्याला नाही म्हणून कशाला हिरमुसलं करायचं, इतकाच त्यामागचा भाव. आमच्या ताईंनी उभं आयुष्य या "हाव जी"शी लढण्यात घालवलं. त्यांचं कामच ते. एखादं औषध किंवा आरोग्याचा एखादा कार्यक्रम खरोखर उपयोगी पडतो की नुसता कागदावर शोभतो, हे तपासायचं आणि तपासण्याच्या पद्धती सुधारायच्या. शिकल्या डॉक्टरकी, पण रोग्याची नाडी फारशी धरली नाही. ज्याने नाडी धरली त्यालाच धरलं. राहिल्या अकोल्यात, लग्न केलं नाही, आणि मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. तेव्हापासून आमच्या अमरावतीच्या घरात एकच विषय होता, एकट्या पडलेल्या ताईंना इकडे कसं आणायचं. कारण साऱ्या जगाकडून खरं वदवून घेणारी ही बाई स्वतःवर वेळ आली की अस्सल वऱ्हाडी निघते. "ताई, कशा आहात?" "बरं हाये." यापुढे तिथे कोणाची डाळ शिजत नसे.

त्यांचा पहिला हिसका मला लग्नाआधीच बसला होता. मला पाहायला आलेली बाकीची मंडळी रिवाजाप्रमाणे विचारत होती, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, मोठ्या घरात राहायची तयारी आहे का. मी मान खाली घालून सगळ्याला हो म्हणत होते. शिवणाला तर मी इतक्या ठामपणे हो म्हटलं की आईला ठसका लागला. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पोहे खात होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "काल संध्याकाळी तुमच्या घरी भाजी कोनती होती?"

"वांग्याची."

"कोनं केली?"

"आईनं."

"तवा तू काय करून राह्यली होती?"

"कादंबरी वाचत होते."

बाबा खिडकीबाहेर पाहायला लागले. ताईंनी बशी पुन्हा उचलली आणि आपल्या आईला म्हणाल्या, "पोरगी खरं सांगते. स्वयंपाक शिकता येते. करून टाक." माझं लग्न असं एका भाजीवर ठरलं. शिवण मला आजही येत नाही, आणि त्याबद्दल ताईंनी कधी दोष दिला नाही, कारण ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

पुढे घरात वावरताना त्यांची सगळी पद्धत माझ्या अंगवळणी पडली. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं तो प्रश्न त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हे. कालच्या पलीकडचं विचारायचं नाही, कारण माणसाला परवाचं आठवत नाही आणि तो ते भिडेखातर रचून सांगतो. विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातात काहीतरी काम घ्यायचं. मटार सोलताना लोक जितकं खरं बोलतात तितकं शपथ घेऊनही बोलत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्या अकोल्याहून आल्या की आमच्याकडे मटाराचे ढीग सोलले जात, आणि सोलणाऱ्याच्या पोटातलं सगळं ताटात येऊन पडे. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या गोळ्या न घेता त्या तुळशीच्या कुंडीत पुरल्याचं अशाच एका मटाराच्या बैठकीत बाहेर आलं. "तुयस कशी हाये मंग?" एवढंच ताई म्हणाल्या. तुळस मात्र खरंच जोमात होती, आणि सासूबाई ते पुढे पुष्कळ दिवस पुरावा म्हणून दाखवत.

पुरावा हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जातो तो ताईंमुळे. आमच्या ह्यांची अमरावतीतल्या एका गिल्या वड्याच्या, म्हणजे दह्यातल्या वड्याच्या, गाडीवर अपार निष्ठा. दुसऱ्या गाडीवरचा वडा तोंडात घालणं म्हणजे ह्यांच्या मते पापच. ताईंनी एकदा शेजारणीला पाठवून दोन्हीकडचे वडे आणवले, एकसारख्या ताटल्यांत घालायला लावले, आणि माझ्या ओढणीने आपल्या भावाचे डोळे बांधले. कुठली ताटली कुठल्या गाडीची ते मलाही सांगितलं नाही. "वाढनारीले माईत असलं की तिचं तोंड बोलते," त्या म्हणाल्या. ह्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि पहिल्या ताटलीवर हात ठेवून भरल्या गळ्याने म्हणाले, "हा. हा खरा वडा." तो अर्थातच शत्रूच्या गाडीवरचा होता. हे अजूनही आपल्याच गाडीवर जातात, पण आता गेल्याचं घरी सांगत नाहीत. शेजारच्या निवृत्त मास्तरांचीही तीच गत झाली. मास्तर सर्दीवर काढा देतात, अगदी फुकट, आणि काढ्याने चार दिवसांत सर्दी पळते म्हणून अभिमानाने सांगतात. ताईंनी विचारलं, "अन् काढा न घेनाऱ्याची कधी पयते?" मास्तर म्हणाले, "त्याची मला काय माहिती?" "थेच तं सांगून राह्यली मी. अर्धीच गोष्ट माईत हाये तुमाले." मास्तर तो अख्खा पावसाळा आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस स्वतःच नाक पुसत आले आणि म्हणाले की यंदा मुद्दाम काढा घेतला नाही. "किती दिवस झाले?" "आज चौथा," मास्तर म्हणाले, "आणि आता बरीच कमी आहे हो." असं म्हणून ते आमच्या ओसरीवर टेकले. त्यांना मी चहा करून दिला. काढा ते अजून देतात, पण घेणाऱ्याला खरी गोष्ट आधी सांगतात.

ताईंचा देवावर किती विश्वास आहे ते मी सांगू शकणार नाही, पण चिठ्ठीवर पूर्ण आहे. माणूस निवडायला बसला की त्याचा हात आवडीच्या दिशेने जातो, चिठ्ठीला आवडनिवड नसते, हे त्यांच्या साऱ्या शास्त्राचं मूळ. नवं औषध कोणाला आणि जुनं कोणाला, हे डॉक्टरने ठरवलं तर तो नकळत धडधाकट माणसाला नवं देऊन बसतो आणि मग नव्याचा डंका पिटतो, म्हणून चिठ्ठी. घरातही तेच. दिवाळीचे अनारसे कोणी करायचे, माहेरवाशिणीला आणायला परतवाड्याला कोणी जायचं, सगळं चिठ्ठीवर. आणि त्यात त्यांचा एक न चुकणारा नेम आहे. निघालेली चिठ्ठी वाचून झाली की त्या उरलेलीही उघडतात. याला कारण माझे यजमान. लहानपणी दळण आणायला कोणी जायचं यासाठी बहीणभाऊ चिठ्ठ्या टाकत, आणि चिठ्ठ्या लिहिण्याचं काम धाकटा म्हणून ह्यांच्याकडे. एक अख्खा उन्हाळा दळण ताईंनीच वाहिलं. नशीब एवढं एकाच बाजूला कसं झुकतं असा संशय येऊन त्यांनी एके दिवशी उरलेली चिठ्ठी उघडली, तर तिच्यावरही "ताई". ह्यांना त्या दिवशी पडलेला मार आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. पण ताई म्हणतात, संशोधनातला पहिला धडा त्यांना कॉलेजात मिळाला नाही, पिठाच्या गिरणीच्या वाटेवर मिळाला.

या सगळ्या विक्षिप्तपणाला आम्ही हसत असू. त्याची खरी किंमत मला कळली ती वरुडकडच्या गोळ्यांच्या वेळी. गरोदर बायकांचं रक्त वाढावं म्हणून जी गोळी देतात, ती घेतली की पुष्कळ जणींना मळमळतं, आणि मग ती गोळी पोटात जाण्याऐवजी परसात जाते. एक नवी गोळी आली होती, ती पोटाला सोसेल आणि म्हणून बायका ती नेमाने घेतील अशी आशा होती. ताईंनी खूप धडपड करून तिची चाचणी लावली. तिकडच्या गावांतल्या ज्या बायकांची तयारी होती त्यांना चिठ्ठीने दोन्हींपैकी एक गोळी मिळायची. गोळ्या दिसायला सारख्या. फक्त डब्यांवर चित्रं वेगळी, काहींवर पोपट आणि काहींवर छत्री. पोपट म्हणजे नवी की छत्री म्हणजे नवी, हे ना बायकांना माहीत, ना वाटणाऱ्यांना, ना खुद्द ताईंना. ते दूरच्या एका माणसाकडे कुलपात ठेवलेलं. काम यथासांग पार पडलं आणि शेवटी निकाल आला की दोन्ही गटांत काहीच फरक नाही. जिथे तिथे "गोळी घेतली का?" आणि "हाव जी". वरचे साहेब म्हणाले, चला, जुनीच चालू ठेवू, फाईल मिटवून टाका. ताईंनी फाईल मिटवू दिली नाही. "फरक नाई असं नाई," त्या आमच्या स्वयंपाकघरात हात कंबरेवर ठेवून म्हणाल्या, "आमाले फरक दिसला नाई. या दोन गोष्टी अलग हायेत वं. सर्वच्या सर्व बाया हाव जी म्हनतात म्हनजे आमचं इचारनंच चुकलं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या मला घेऊन निघाल्या. मला कशाला, तर सोबत डॉक्टर दिसणारं माणूस नको, भावजय दिसणारं हवं म्हणून.

शेंदूरजनाघाटाच्या अलीकडे एका गावात आम्ही उतरलो. संत्र्यांचा हंगाम होता. रस्त्यावर भरलेले ट्रॅक्टर, आणि एका टिनाच्या शेडमध्ये बायका संत्र्यांच्या ढिगाभोवती बसून लहानमोठी फळं वेगळी करत होत्या. त्यांतल्या तीनचार जणी पोटुशा. ताईंनी पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि त्या सरळ ढिगाशी जाऊन बसल्या. मटाराच्या जागी संत्री, एवढाच फरक. गोळीचं नावही काढलं नाही. कोणाला कितवा महिना, कोणाचं माहेर कुठलं, अशा गप्पा होता होता, एक डागी संत्रं बाजूला टाकत त्यांनी विचारलं, "गोयीची डबी घरात कुठं ठेवता वं तुमी?"

"डबी कोनची?" हिरव्या पातळातली, सगळ्यांत बडबडी बाई म्हणाली. "आमच्या तं बरन्या हायेत."

ताईंचा हात ढिगावर थांबला. "बरन्या?"

"दोन. माह्याच घरी हायेत. एकीवर पोपट चिकटवला, एकीवर छत्री. डब्या भेटल्या की सर्व्या जनी आनून त्यात रिकाम्या करतात."

"अन् मंग कोनं कोनती घ्याची?"

"जिचं पोट नाजूक थीले पोपटातली, अन् जे गोटे पचवते थीले छत्रीतली," ती बाई म्हणाली आणि शेजारणीकडे बोट दाखवून हसली. "आता हे पाहा, हिच्या नशिबाले छत्री आली होती. पानी पेलं तरी उलटी व्हाची बिचारीले. अन् मले पोपट. मी तं काईबी खाते. मंग आपन एका गल्लीत राहाचं अन् हिनं वकत बसाचं, हे बरं दिसते काय?"

ताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "कोनती पचते थे सांगू नका मले! अजून कुलूप उघडलं नाई!" बायकांना काहीच कळेना, डॉक्टरीणबाईला अचानक काय झालं म्हणून एक जण पाणी घेऊन आली. ते पिऊन ताईंनी कळवळून विचारलं, "पन बायाओ, आमचा मानूस येत होता ना इचाराले? त्याले काहून नाई सांगतलं?"

"थो धुपात गाडीवर ये, मायं. लाल होऊन जाये त्याचं तोंड. थो इचारे, गोया घेतल्या काय? आमी म्हनो, हाव जी." हिरव्या पातळाने डोळे मोठे केले. "अन् घेतल्याच होत्या ना! कोनाच्या घेतल्या, असं त्यानं कुठं इचारलं?"

ताई हसायला लागल्या. आधी नुसत्या खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायकाही हसल्या, कशाला ते न कळता. मी मात्र घाबरले होते, कारण एवढ्या खटपटीचं काम मातीत गेलं हे मलाही कळत होतं. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता चिडतील. मोर्शी मागे पडल्यावर म्हणाल्या, "त्यायचं चुकलं नाई. आपलं चुकलं. जे गल्ली लोनच्याची फोड वाटून खाते थे गोयी एकटी कशी खाइन? आपन एकएका बाईच्या नावानं चिठ्ठी टाकली. चिठ्ठी गावाच्या नावानं टाकाले पायजे होती. अख्ख्या गावाले एकच चित्र. मंग वाटा म्हना किती वाटाचं थे." एवढं बोलून त्यांनी पिशवीतलं संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. मी म्हटलं, "पण ताई, पोपटच चांगला हे आता कळलं की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती फोड घाईघाईने तोंडात टाकली. "कानावर आलं," त्या म्हणाल्या. "कळलं नाई."

वरच्या साहेबांशी त्या पुढे कशा भांडल्या ते सांगत बसत नाही. साहेबांचं म्हणणं, झाकली मूठ उघडता कशाला, चाचणी फसली हे आपणच सांगायचं म्हणजे नाचक्की. ताईंचं म्हणणं, फसली हे सांगितलं नाही तर एक चांगली गोळी आपल्या लाजेपायी मरेल आणि बायका आणखी कित्येक वर्षं ओकत बसतील. त्यांनी साहेबांना अक्षरशः जेरीला आणलं आणि पुन्हा परवानगी मिळवली. दुसऱ्या खेपेला चित्रं बदलली, मोर आणि घागर. प्रश्नही बदलले, "गोळी घेतली का" हा प्रश्न विचारणाऱ्याला पुन्हा गावात पाठवायचं नाही असा हुकूमच होता. आणि सगळ्या गावांची माणसं एका शाळेच्या अंगणात बोलावून, भर उजेडात, तांब्याच्या गुंडात चिठ्ठ्या टाकल्या. मीही गेले होते. एक धोतरवाले म्हातारे बाबा उठून म्हणाले, "डॉक्टरीनबाई, चिठ्ठीचं राहू द्या. यातली चांगली कोनती, थेवढं सांगा. आमाले थेच द्या."

"मले माईत नाई," ताई म्हणाल्या.

अंगणात कुजबुज सुरू झाली. "डॉक्टरीन असून माईत नाई?" बाबांचा खरोखर विश्वास बसेना.

"माईत असतं तं चिठ्ठी कायले टाकली असती, बाबाजी? चांगली थे सर्वायले देल्ली असती. माईत करून घ्यासाठीच तं तुमच्या दारात आली. जे चांगली निघन थे मंग सर्व्या गावायले भेटन, हा माहा शब्द."

बाकीचे लोक "मला माहीत आहे" जितक्या तोऱ्यात म्हणतात, त्याहून जास्त तोऱ्यात आमच्या ताई "मला माहीत नाही" म्हणतात. बाबा म्हणाले, "टाका बाप्पा चिठ्ठी. डॉक्टरच्या तोंडून एवढं खरं मी पयल्यांदाच आयकलं." एकेका गावाची चिठ्ठी निघत गेली. शेवटच्या गावासाठी एकच उरली होती, तिच्यात काय आहे ते सगळ्यांना हिशेबाने कळलंच होतं, तरी ताईंनी ती उघडली आणि अंगणाच्या चारी बाजूंना फिरवून दाखवली. मला ह्यांचा मार आठवला आणि मी पदरात तोंड लपवून हसले. निकाल लागला तेव्हा नवी गोळी खरोखर सरस ठरली, पण साहेबांना भाषणात सांगायला आवडेल इतकी नाही. "पुष्कळ सरस" असं लिहा, म्हणून त्यांनी सुचवून पाहिलं. ताईंनी "थोडी सरस" लिहिलं आणि खाली सही केली. आता तिकडे हीच गोळी देतात. डब्यांवर चित्रं नसतात. तिकडच्या एका दवाखान्यात मी ती डबी पाहिली तेव्हा मला उगाचच भरून आलं. ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "घेतात काय पन बाया? थे पाय आधी."

अशी ही बाई निवृत्त झाली आणि अकोल्याच्या त्या तापलेल्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. इकडे या म्हटलं की म्हणायच्या, माझं काय अडलं आहे. कशा आहात म्हटलं की "बरं हाये". मागच्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी मी असाच फोन केला आणि पुन्हा तेच ऐकलं. त्या दिवशी माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "ताई, काल रात्री काय जेवलात?"

"जेवली ना."

"काय?"

"टोस्ट."

"कशासोबत?"

"चहासंगं."

"आणि परवा?"

"परवाचं इचारू नये वं, लोकाले आठवत नसते," त्या म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

आम्ही दोघं दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेलो. ओट्यावर टोस्टची पुडी होती आणि गॅस इतका लख्ख होता की त्यावर कित्येक दिवसांत काही शिजलं नसावं. ताई जिना चढताना दोनदा थांबल्या. बळेच नेऊन तपासणी केली, तर रक्त कमी. आयुष्यभर बायकांच्या रक्तामागे लागलेल्या बाईचं स्वतःचं रक्त कमी! हे तर खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडायलाच लागले. "एका तपासनीवरून काई ठरत नसते," ताई त्यांना म्हणाल्या, पण त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. मी म्हटलं, आता पुरे, आमच्याकडे चला. त्या म्हणाल्या, हे तुझं मत झालं. मी इथेच बरी, हे माझं मत. मतामतांचं काय करायचं, ते आपल्यात ठरलेलं आहे.

"मग टाका चिठ्ठी," मी म्हटलं.

यावर त्यांना नाही म्हणता येईना. वहीचं एक पान फाडून मी स्वयंपाकघरात गेले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, सारख्या घड्या घातल्या आणि चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा हलवत बाहेर आणला. ताईंनी डोळे मिटून एक उचलली, उघडली आणि वाचली. "अमरावती." ह्यांनी मोठा श्वास सोडला. मी सोडला नाही, कारण ताईंचा हात पुन्हा डब्यात गेला होता. उरलेली चिठ्ठी त्यांनी काढली, चिमटीत धरली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मग त्यांनी आपल्या भावाकडे पाहिलं, बराच वेळ. आणि ती चिठ्ठी, न उघडता, आणखी एक घडी घालून त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.

"निघाली बाप्पा अमरावती," त्या म्हणाल्या. "आता काय करता. पद्धत म्हनजे पद्धत."

आता त्या आमच्या समोरच्या खोलीत असतात. मास्तर संध्याकाळी येऊन त्यांच्याशी काढ्याबद्दल वाद घालतात, मटाराचे ढीग सोलले जातात, आणि आमचे हे गिला वडा खाऊन आले की तोंड धुवायला मागच्या दाराने घरात शिरतात. मी रोज सकाळी त्यांच्या खोलीत डोकावून विचारते, "कशा आहात ताई?" प्रश्न चुकीचा आहे हे मला ठाऊक आहे, पण तो विचारल्याशिवाय राहवत नाही. इतके दिवस उत्तर ठरलेलं होतं. परवा त्या पलंगावर बसून खिडकीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "बरं नाई वं. गुडघा ठनकून राह्यला, अन् मले अकोल्याची याद येते. बस जराशी इथं."

पोहे गॅसवर तसेच ठेवून मी बसले.